वाटाण्याच्या वाफ्यातील गुरुजी : ग्रेगोर मेंडेल

नववीच्या वर्गात आनुवंशिकतेचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हे या लेखाचे निमित्त आहे. त्याचे आईवडील दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. आजोबाही तेच करीत असत. गावात कोणीतरी त्याला खाण तशी माती ही म्हण ऐकवली होती. कानाच्या पाळीची ठेवण आईवडिलांकडून येते हे त्याने पाठात वाचले होते. तर मग कोयताही आपल्या बीजातच आहे का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. वर्गात कोणी हसले नाही. अनेकांच्या मनातला प्रश्न त्याने विचारला होता.

आम्ही इतिहास शिकवणारे. विज्ञान-शिक्षक सहकाऱ्यांनी त्या तासाला आम्हांस मेंडेल यांचे चरित्र सांगण्यासाठी बोलावले होते. चरित्र सांगता सांगता आमच्या लक्षात आले की, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मेंडेल यांच्या शोधात जितके आहे, तितकेच ते त्यांच्या आयुष्यातही आहे. पुढील काही आठवडे आम्ही आणि आमचे विद्यार्थी या माणसाच्या सहवासात राहिलो. नाणी उडवली, पटांगण मोजले, आपल्याच लाळेतील पेशी उघडून पाहिल्या. त्या आठवड्यांत जे सांगितले आणि जे शिकलो, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यांना जग ग्रेगोर मेंडेल म्हणून ओळखते, त्यांचे मूळ नाव योहान. १८२२ च्या जुलै महिन्यात हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हे खेडे त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील सायलेशिया प्रांतात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील आंतोन शेतकरी होते, पण आपल्या कष्टांचे पूर्ण धनी नव्हते. आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला राबावे लागे. या वेठीला त्या भागात रोबोटा म्हणत. पुढे कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकामुळे याच शब्दापासून बनलेला रोबोट हा शब्द जगभर गेला. आज मुलांना तो यंत्रमानव म्हणून ठाऊक आहे. पण त्याच्या मुळाशी वेठीवर राबणारा माणूस आहे.

ही वेठ बापाकडून मुलाकडे येत असे. महार वतनाचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला गेला आहे, त्यांना ती व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. भाकरीच्या तुकड्यावर आणि वतनाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारी ती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. दोन देश वेगळे, दोन समाज वेगळे. परंतु माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरवण्याची रीत दोन्हीकडे होती.

योहानच्या गावच्या शाळेत वाचन-लेखनाबरोबर निसर्गाचेही धडे दिले जात. गावच्या धर्मगुरूंना फळझाडांची आवड होती. कलमे कशी बांधावीत, चांगल्या जातीची रोपे कशी निवडावीत हे ते शेतकऱ्यांना व मुलांना शिकवीत. योहान वडिलांबरोबर बागेत काम करी आणि वर्गात पहिला येई. त्याच्या शिक्षकांनी आईवडिलांना सुचवले की, या मुलाला पुढे शिकवावे. घरात तो एकुलता मुलगा. शेत त्यानेच सांभाळायचे, ही रीत. ती रीत मोडून आईवडिलांनी अकरा वर्षांच्या योहानला परगावी धाडले. पुढच्याच वर्षी तो ओपावा येथील माध्यमिक शाळेत दाखल झाला. पूर्ण जेवणाचे पैसे घरून देता येत नव्हते, म्हणून त्याच्या वाट्याला अर्धे जेवण येई. आपल्या वसतिगृहातील मुलांना आम्ही हे सांगितले, तेव्हा जेवणाच्या घंटेची वेळ होती. त्या दिवशी ताटात कोणी काही टाकले नाही.

१८३८ साली वेठीवर लाकडे तोडत असताना एक ओंडका आंतोन यांच्या अंगावर कोसळला. ते पुन्हा पूर्वीसारखे काम करू शकले नाहीत. सोळा वर्षांच्या योहानला घरून येणारी मदत जवळजवळ थांबली आणि तो शिकवण्या करून शिकू लागला. उपासमार, काळजी आणि अतिश्रम यांनी तो आजारी पडला, महिनोन्‌महिने घरी पडून राहिला. अखेर शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला विकण्यात आले. ओलोमोउत्स येथील पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या रकमेतील वाटा भावाला दिला. रमाईंच्या लेकरांना या त्यागाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मेंडेल यांनी ते ऋण आयुष्यभर लक्षात ठेवले. पुढे तेरेझियाच्या तीन मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

१८४३ साली योहान मेंडेल ब्रनो शहरातील संत थॉमस मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. मठात जाण्यामागे पोटापाण्याची विवंचना मिटावी हा हेतू होता, हे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. हा मठ मात्र निराळा होता. तेथील प्रमुख सिरिल नाप हे विद्याप्रेमी होते. मठात मोठे ग्रंथालय होते, वनस्पतींची बाग होती आणि तेथील अनेक जण शहरातील शाळांत शिकवीत. विहार हे विद्येचे घर असते ही आपली परंपरा. म्हणून परक्या धर्मातील हा मठ आम्हांस फारसा परका वाटला नाही.

रुग्णांच्या खाटेजवळ जाऊन त्यांची वेदना पाहणे मेंडेल यांना सोसत नसे. ते स्वतःच आजारी पडत. नाप यांनी हे ओळखले आणि १८४९ साली त्यांना झ्नोय्मो येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. वर्गात उभे राहिल्यावर त्यांना आपले काम सापडले. परंतु कायम शिक्षक होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली ते ती परीक्षा नापास झाले. विद्यापीठाचे शिक्षण नसलेला, स्वतःच पुस्तके वाचून तयार झालेला हा उमेदवार नैसर्गिक इतिहासाच्या उत्तरांत कमी पडला.

नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात मेंडेल भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. ध्वनीच्या लहरींसंबंधीच्या परिणामामुळे ज्यांचे नाव आज पाठ्यपुस्तकात आहे, ते डॉपलर त्यांचे अध्यापक होते. वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करणारे फ्रान्झ उंगर यांच्याकडेही ते शिकले. निसर्गातील प्रश्न आकड्यांत मांडता येतो आणि आकड्यांतून नियम शोधता येतो, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. परत आल्यावर १८५४ पासून ते ब्रनोच्या शाळेत भौतिकशास्त्र व निसर्गविज्ञान शिकवू लागले. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले. तीही पार पडली नाही. म्हणजे ज्यांना आनुवंशिकतेच्या विज्ञानाचे जनक म्हणतात, ते चौदा वर्षे त्या शाळेत शिकवूनही कागदोपत्री बदली शिक्षकच राहिले. शिक्षकी पेशातील आम्हां लोकांनी हे वाक्य निकालपत्रक भरण्यापूर्वी एकदा आठवावे.

ज्या वर्षी दुसरी परीक्षा हुकली, त्याच वर्षी मठाच्या बागेत ते ऐतिहासिक प्रयोग सुरू झाले. बागेचा तो तुकडा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद होता. आम्ही तो मुलांकडून पटांगणावर फक्कीने आखून घेतला. कबड्डीची अडीच मैदानेही त्यात पुरती बसेनात, हे पाहून मुले चकित झाली. एवढ्याशा जागेत जगाला नवे विज्ञान मिळाले.

त्या काळी विद्वानांचाही समज असा होता की, आईबापांचे गुण अपत्यात दूध-पाण्यासारखे मिसळून जातात. मेंडेल यांनी वाटाणा निवडला, कारण त्याचे फूल मिटलेले असते आणि ते स्वतःचेच परागकण स्वीकारते. त्यामुळे वाण शुद्ध राहतात आणि हवा तेव्हाच संकर घडवता येतो. त्यांनी ३४ वाण गोळा केले, दोन वर्षे ते लावून तपासले आणि त्यांतील २२ निवडले. गोल की सुरकुतलेले बी, पिवळे की हिरवे, उंच रोप की बुटके, अशा सात लक्षणांच्या जोड्या ठरवल्या. कोवळी कळी उघडायची, पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण कुंचल्याने कुक्षीवर ठेवायचे आणि कीटक शिरू नयेत म्हणून फुलावर पिशवी बांधायची, हे काम त्यांनी आठ वर्षे केले. या काळात सुमारे २८ हजार रोपे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल बियांचा आणि सुरकुतलेल्या बियांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सर्व बिया गोल आल्या. सुरकुती नाहीशी झाली, असे कोणालाही वाटले असते. मेंडेल यांनी त्या गोल बिया पुन्हा पेरल्या. दुसऱ्या पिढीत ५,४७४ बिया गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या. रंगाच्या प्रयोगात ६,०२२ पिवळ्या आणि २,००१ हिरव्या निघाल्या. दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ तीनास एक. सुरकुती मिटली नव्हती. एक पिढी दिसली नव्हती, इतकेच.

हे प्रमाण कोठून येते, ते फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही खेळ मांडला. प्रत्येक लक्षणासाठी प्रत्येक जिवाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेला. आणि पुढच्या पिढीला देताना त्यांपैकी एकच दिला जातो, कोणता ते योगायोगावर अवलंबून. प्रथम आम्ही सारीपाटाच्या खेळातले फोडलेले चिंचोके घेतले. काळी बाजू म्हणजे गोल, पांढरी बाजू म्हणजे सुरकुतलेले. दोघांनी एकेक चिंचोका टाकायचा आणि काय पडले ते लिहायचे. पण तीनास एक प्रमाण काही केल्या येईना. तासाच्या शेवटी एका मुलीने एकटाच चिंचोका शंभर वेळा टाकून मोजला आणि तो एका बाजूवर अधिक वेळा पडतो, हे दाखवून दिले. आम्हां शिक्षकांच्या ध्यानात हे आले नव्हते. निसर्ग दोन्ही घटकांना सारखी संधी देतो हे गृहीत धरायचे, तर साधनही तसेच हवे. दुसऱ्या दिवशी आम्ही नाणी घेतली.

छापा म्हणजे गोल, काटा म्हणजे सुरकुतलेले. दोघांनी नाणी एकदम उडवायची. छापा-छापा, छापा-काटा किंवा काटा-छापा आले, तर बी गोल. दोन्ही काटे आले तरच सुरकुतलेले. प्रत्येक जोडीने वीस वेळा नाणी उडवली. एका जोडीला वीसांत दोनच सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, दुसरीला आठ. आपले चुकले असे वाटून एका मुलाने वहीतील आकडा खोडून पाच केला. आम्ही त्याला तो पूर्ववत करायला लावला. मग सर्व जोड्यांची बेरीज फळ्यावर मांडली, तेव्हा प्रमाण तीनास एकच्या अगदी जवळ आले. लहान संख्येत योगायोगाची मर्जी चालते, मोठ्या संख्येत नियम दिसू लागतो; म्हणूनच मेंडेल यांनी बिया हजारांनी मोजल्या. त्याच तासात आम्ही मुलांना हेही सांगितले की, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली मेंडेल यांचे आकडे तपासले आणि ते अपेक्षित प्रमाणाच्या जरा जास्तच जवळ असल्याचे दाखवले. त्यावर अनेक वर्षे वाद झाला. नियम मात्र पुढच्या शेकडो प्रयोगांत खरा ठरला. थोर माणसाचे आकडेही पुन्हा तपासता येतात आणि तपासावेत. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा गुरूचा शब्द म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जड जाऊ नये.

१८६५ च्या ८ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपले निष्कर्ष वाचले. पुढच्या वर्षी ते मंडळाच्या वार्षिकात छापून आले. त्यांनी चाळीस प्रती काढून घेतल्या आणि काही नामवंतांना धाडल्या. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा काही वर्षे पत्रव्यवहार झाला, परंतु नेगेलींना त्या आकड्यांचे महत्त्व उमगले नाही. नेगेलींच्या अभ्यासाच्या हॉकवीड या वनस्पतीवर मेंडेल यांनी पुढे खूप कष्ट घेतले आणि तेथे त्यांचा नियमच दिसेना. त्या वनस्पतीत बहुतेक बिया परागीभवनावाचून तयार होतात, म्हणून लेकी हुबेहूब आईसारख्या निपजतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

१८६८ साली ते मठाचे प्रमुख झाले आणि शाळा सुटली. १८७४ नंतर मठांवर बसवलेल्या कराविरुद्ध ते सरकारशी एकाकी झगडत राहिले. मधमाश्या पाळल्या, हवामानाच्या नोंदी अखेरपर्यंत ठेवल्या. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी संगीतकार यानाचेक यांनी संगीत सादर केले. शहराने एका कनवाळू मठाधिपतीला निरोप दिला; शास्त्रज्ञ गेला हे कोणाला कळले नाही. त्यांची बरीचशी कागदपत्रे नंतर जाळण्यात आली.

सोळा वर्षांनी, १९०० साली, ह्युगो द व्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिक चेर्माक या तीन संशोधकांच्या कामातून तो विसरलेला लेख पुन्हा उजेडात आला. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी त्याचा हिरिरीने प्रसार केला. या शास्त्राला जेनेटिक्स हे नाव त्यांनीच १९०५ साली सुचवले. जनुक ज्याला आपण म्हणतो, त्या घटकाला जीन हा शब्द १९०९ साली विल्हेल्म योहानसेन यांनी दिला.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने थांबून एक काळे पान वाचून दाखवणे भाग आहे. वाटाण्याच्या सुरकुतीचा नियम काहींनी गरिबी, गुन्हेगारी आणि बुद्धिमत्ता यांना लावला. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली अयोग्य ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला, इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या सरकारने तसाच कायदा केला आणि पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. आपल्या देशातही जातिव्यवस्था ही वंश सुधारण्याची शास्त्रीय योजना आहे, असे सांगणारे शिकलेले लोक निघाले.

त्यांना बाबासाहेबांनी १९३६ साली उत्तर दिले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले आणि तेथे होऊ न शकलेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले; तेच जातिप्रथेचे निर्मूलन. त्यात त्यांनी बेटसन यांच्या मेंडेलविषयक ग्रंथाचा आधार घेतला आहे. उच्च मानसिक गुण एखाद्या एकाच घटकातून उतरत नाहीत, अनेक घटक एकत्र जुळून येण्याचा तो परिणाम असावा, हे बेटसन यांचे मत त्यांनी वाचकांपुढे ठेवले. मग युक्तिवाद केला की, आजच्या शास्त्रज्ञांनाही नसलेले आनुवंशिकतेचे ज्ञान जाती घडवणाऱ्या पूर्वजांना होते, असे मानणे हास्यास्पद आहे. ब्रनोच्या बागेतील वाटाणा सत्तर वर्षांनी असा बाबासाहेबांच्या लेखणीपर्यंत पोहोचला. विज्ञानाचा पाठ हा आपल्या चळवळीचाही पाठ आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

तो घटक प्रत्यक्षात कशाचा बनला आहे, हे समजायला आणखी काळ गेला. १९४४ साली एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पदार्थ डीएनए असल्याचा पुरावा दिला. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्याची दुहेरी मळसूत्राची रचना मांडली. त्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रे मोलाची ठरली. १९९० साली मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कोडेही सुटले. स्टार्च तयार करण्यास मदत करणाऱ्या एका विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा मध्येच घुसला आहे. त्यामुळे दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते, दाणा पाणी अधिक धरतो आणि वाळताना आक्रसतो. मुलांना यातली एक गोष्ट फार आवडली. ज्याला आपण अप्रभावी म्हणतो, तोच दाणा खायला अधिक गोड असतो. प्रभावी आणि अप्रभावी या शब्दांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भाव नाही. कोण दिसते आणि कोण झाकले जाते, एवढेच ते सांगतात.

शेवटच्या तासाला आम्ही आमच्याच पेशींतील डीएनए पाहिला. मिठाच्या पाण्याने चूळ खळखळवून ते पाणी काचेच्या नळीत घेतले, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थेंब टाकले आणि कडेने थंड स्पिरिट हळूच सोडले. थोड्या वेळात दोहोंच्या सीमेवर पांढुरके धागे तरंगू लागले. मुलांनी आपल्या नळ्या ओळीने लावल्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींची, सफाईच्या काकांची आणि आमचीही नळी त्यात होती. कोणती कोणाची, ते ओळखता येईना. सर्वांची समान, असे कोणीतरी आनंदाने म्हटले. तेवढ्यात चिंचोका मोजणाऱ्या मुलीने शेजारी केळ्यापासून काढलेल्या धाग्यांकडे बोट दाखवले. तेही तसेच दिसत होते. तिचे बरोबर होते. डोळ्यांना सारखे दिसणे हा समतेचा पुरावा होत नाही.

पुरावा अक्षरे वाचल्यावर मिळतो. माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत आणि कोणत्याही दोन माणसांत हजारातील साधारण एक अक्षर वेगळे असते. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की, माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत आढळतात. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेच्या आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. त्यानंतर लग्नांची दारे बंद होत गेली. जातीचे मर्म आपल्याच समूहात विवाह करण्याच्या बंधनात आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडले होते. शुद्ध रक्ताचा दावा करणाऱ्या घरांतही पूर्वी सर्वांचे पाणी एकत्र वाहिलेले आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही त्याला पुन्हा आंतोन मेंडेल यांची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडून योहानला दोन वारसे मिळायचे होते. एक शरीराचा, जो बीजातून आला. तो कोणी थांबवू शकले नसते. दुसरा वेठीचा, जो जमीनदाराच्या दप्तरातून यायचा होता. १८४८ च्या क्रांतीत, मेंडेल यांच्याच प्रांतातील हान्स कुडलिख या पंचविशीच्या आतील शेतकरीपुत्राने व्हिएन्नाच्या संसदेत वेठ रद्द करण्याचा ठराव मांडला आणि त्याच वर्षी ती रद्द झाली. वाटाण्याची सुरकुती मात्र कोणत्याही संसदेच्या ठरावाने गेली नसती. जे कायद्याने संपवता येते, ते बीजात नव्हतेच. ते माणसांनी लादलेले होते. कोयता याच दुसऱ्या प्रकारचा वारसा आहे. तो दुष्काळातून, भूमिहीनतेतून, उचलीच्या कर्जातून आणि सुटलेल्या शाळेतून येतो; आणि ज्या वाटेने तो येतो, ती वाट अडवता येते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी हाच भेद सांगितला आहे. गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात भिन्न खुणा आहेत. माणसामाणसांत तशा खुणा नाहीत, माणूस कर्माने शेतकरी होतो, कर्माने कारागीर होतो. ब्रनोच्या त्या शिक्षकाने हे सुत्त वाचले नसावे. त्याने आपल्यापुरते वाटाणे मोजले आणि बीजातून काय उतरते ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्यामुळे बीजातून काय उतरत नाही, हेही आपल्याला विचारता येऊ लागले.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. या हिवाळ्यात त्याने वसतिगृहामागे वाटाण्याची एक ओळ लावली आहे. कळ्या उघडताना त्याच्याकडून पहिल्या सात मोडल्या, आठवी साधली. त्या कळीवर त्याने कागदाची पिशवी बांधून ठेवली आहे आणि खाली पाटीवर तारीख लिहिली आहे.